रुग्णाचें औषध आणि रुग्णाचा संसार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत मागील कार्याचें गुणवर्णन व्हावें अशी रीत आहे, आणि तें माझ्या आधींच्या वक्त्यांनीं माझ्यापेक्षां पुष्कळ चांगलें केलें आहे. मला रुग्णसेवेवर बोलण्याची आज्ञा झाली. रुग्णसेवा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दवाखाना, सिस्टरांची औषधांची पेटी, सुई आणि गोळ्या उभ्या राहतात. माझें आजचें बोलणें गोळीच्या अलीकडचें व पलीकडचें आहे. रोगी दवाखान्याच्या पायरीवर येण्यापूर्वीं काय घडलेलें असतें, आणि चिठ्ठी हातांत घेऊन तो माघारा फिरला म्हणजे त्याच्या घरीं काय असतें किंवा नसतें, याविषयीं मी बोलणार आहें. चुलीवर कांहीं शिजणार आहे काय, धान्याचें कार्ड कोणाच्या नांवावर आहे, उद्यांच्या एस. टी. चें भाडें कोठून आणावयाचें, मजुरी बुडाली तर मुकादमाला काय सांगावयाचें, हे प्रश्न नाडी पाहतांना सहसा कोणी विचारीत नाहीं. बीड जिल्ह्यांत कित्येक उपचार या न विचारलेल्या प्रश्नांपाशींच अडून पडतात, असें माझें म्हणणें आहे.

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा, हें मीं आपणांस सांगावयास नको. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी अशा बालाघाटाच्या अंगाखांद्यावरील तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली कीं माणसांनीं व भांड्याकुंड्यांनीं भरलेल्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, त्या होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. नवराबायकोच्या जोडीला “कोयता” म्हणतात. उचल जोडीची, हिशेबहि जोडीचा. दोघांपैकीं एकानें अंथरूण धरलें म्हणजे दुसऱ्याचें काम अडतें, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा मांडला जाऊन त्याचे पैसे भरावे लागतात. आजारपणाला ज्या व्यवहारांत दंड आहे, त्या व्यवहारांतून आपल्या जिल्ह्यांतील लाखों माणसांचा संसार चालतो.

२०१९ सालीं बीडचें नांव साऱ्या देशांत झालें, तें एका लाजिरवाण्या कारणानें. ऊसतोड करणाऱ्या बायकांचीं गर्भाशयें ऐन तारुण्यांत काढून टाकलीं जात आहेत अशी वार्ता वृत्तपत्रांतून आली. शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली व त्यांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक. त्याच्या तीन-चार वर्षें आधीं, २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हेंच प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास होतें. हे आंकडे ज्यांनीं त्या वेळीं वाचले त्यांतील पुष्कळांनीं चार दिवस हळहळ केली व पुढें ते विसरले. आपण बीडकर आहों. आपणांस विसरण्याची मुभा नाहीं.

मी कांहीं डॉक्टर नव्हे. कोणती शस्त्रक्रिया अवश्य होती व कोणती नव्हती याचा निवाडा मी करणार नाहीं. पण त्या बायकांनीं समितीला व वार्ताहरांना जें सांगितलें तें ऐकण्यास वैद्यकीचें ज्ञान लागत नाहीं. फडांत आडोसा नाहीं. कोपीजवळ नळ नाहीं, शौचकूप नाहीं. पहाटे अंधारांत काम सुरू होतें, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढावें लागतें, आणि पाळीच्या दिवसांतहि खाडा परवडत नाहीं. त्यांतून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातें, ओटीपोट दुखतें. अशा स्थितींत दवाखाना गांठला तर कित्येकींना “पिशवी काढून टाका” एवढाच सल्ला मिळाला, कर्करोगाची भीति घातली गेली, आणि शस्त्रक्रियेचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलींतून फिटावयाचा म्हणून त्या बायका ओल्या अंगानें पुन्हा फडांत उतरल्या. जिला पाणी, आडोसा व चार दिवसांचा विसांवा हवा होता, तिच्या वांट्यास सुरी आली. या प्रकरणानंतर जिल्ह्यांत गर्भाशय काढण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यांत आली, तोडीस जाणाऱ्या स्त्रियांची जाण्यापूर्वीं व परतल्यावर तपासणीहि होऊं लागली. चांगलें झालें. परवानगीच्या कागदानें सुरी थांबते. फडांत पाणी मात्र त्यानें येत नाहीं.

औषधाच्या आधीं रोग्याची गरज विचारावी हा विचार नवा नाहीं, आणि तो परदेशांतून आणावयास नको. पाटोदा व आष्टी यांच्या सीमेला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य १९७० सालीं तेथें आलें. दोघेंहि वेल्लोरास शिकलेलीं, अमेरिकेंत जाऊन आलेलीं. मनांत आणतीं तर मोठ्या शहरांत मोठा दवाखाना थाटून बसतीं. जामखेडच्या लोकांना त्यांनीं विचारलें कीं, तुम्हांला काय हवें? लोकांनीं दवाखाना मागितला नाहीं. अन्न आणि पाणी मागितलें. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला. तेव्हां या डॉक्टरांनीं कुपोषित मुलांसाठीं गांवोगांव सामाईक स्वयंपाक सुरू केले, विंधन विहिरी घेतल्या, आणि त्यांतील कित्येक विहिरी दलित वस्तींत घेतल्या, म्हणजे ज्यांना पूर्वीं पाणवठ्यावर पाऊल ठेवूं देत नसत त्यांच्याच दारीं साऱ्या गांवाला घागर घेऊन यावें लागलें. अतिसार कमी झाला तो गोळ्यांनीं कमी, पाण्यानें अधिक. त्यानंतर त्यांनीं गांवांतल्याच बायका, पुष्कळशा निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. कोणाच्या घरांत दाणा नाहीं, कोणती सून उपाशी निजते, कोण महारोगाचा डाग पदराखालीं झांकते, हें त्या बाईला ठाऊक असे. आणि डॉक्टराला तें जन्मांत कळलें नसतें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्यें व रजनीकांतराव २०११ मध्यें निवर्तले. जामखेडचें काम चालू आहे. आपल्यापैकीं किती जणांनीं तें जाऊन पाहिलें आहे? शिर्डीची गाडी आपण भरतों, वेलांकण्णीची भरतों. जामखेडास एका दिवसांत जाऊन येतां येतें.

मोठ्या रुग्णालयांनींहि ही गोष्ट हळूहळू ओळखली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत १८९५ सालीं मेरी स्टुअर्ट नांवाच्या बाईंची नेमणूक झाली. फुकट औषध कोणाला द्यावें व कोणाला नाहीं याची छाननी हें त्यांचें मूळ काम, पण तें करतां करतां रोग्याच्या घरच्या अडचणी पाहणें हेंच मुख्य काम होऊन बसलें. बोस्टनमध्यें डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं १९०५ मध्यें तसाच उपक्रम केला. आपल्या देशांत पहिली नेमणूक १९४६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत झाली. आज शासकीय रुग्णालयांत या अधिकाऱ्यास समाजसेवा अधीक्षक म्हणतात. अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय खेड्यापाड्यांतील रोग्यांसाठीं म्हणूनच काढलेलें आहे. तेथें रोग्याबरोबर गेलांत तर औषधाच्या खिडकीइतकीच समाजसेवा अधीक्षकांची खोलीहि विचारून घ्या. पण खोलींत बसलेल्या एका माणसानें शंभर गांवांच्या घरांत डोकावावें ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याला गांवाकडून हात हवा.

आतां क्षयरोगाचें उदाहरण घेतों, कारण त्यांत सगळें प्रकरण उघडें दिसतें. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें, व साध्या क्षयाला तें सहा महिने घ्यावें लागतें. ऊसतोडीचा हंगामहि पांच-सहा महिन्यांचाच. आश्विनांत निदान झालेला रोगी कार्तिकांत गाडींत बसला, तर त्याच्या गोळ्यांचें काय? वास्तविक सोय आहे. रोग्याची नोंद संगणकावर असते व ती दुसऱ्या जिल्ह्याच्या केंद्राकडे वळवितां येते; पण निघण्यापूर्वीं कोणी तरी आशाताईला किंवा आरोग्य केंद्रांत सांगितलें पाहिजे कीं, हा माणूस अमुक कारखान्यावर चालला आहे. रोगी स्वतः सांगत नाहीं. मुकादमाला कळलें तर टोळींत घेणार नाहीं, हें भय त्याला गोळी चुकण्याच्या भयाहून मोठें असतें. अशा वेळीं भीति ऐकून घेणारा, व तोंड बंद ठेवून काम करणारा एक माणूस जवळ लागतो.

आणि अन्न! झारखंडांत डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनीं २,८०० क्षयरोग्यांच्या घरांत एक मोठा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०२३ सालीं “लॅन्सेट” या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. औषध सर्व रोग्यांना मिळालें, धान्याची शिदोरीहि सर्व रोग्यांना मिळाली. फरक एवढाच कीं, निम्म्याच्या आसपास रोग्यांच्या घरांतील इतर माणसांनाहि दरमहा माणशीं ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यांत आली. ज्या घरांत सर्वांना धान्य मिळालें तेथें नव्यानें क्षय होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ३९ नें उतरलें, व थुंकी तपासून सिद्ध झालेल्या क्षयाचें शेंकडा ४८ नें. तांदूळ व डाळ यांनीं असा परिणाम घडविला. यांत न समजण्यासारखें कांहीं नाहीं, आपल्या आजीबाईंना तें ठाऊकच होतें. आजीबाईंच्या म्हणण्याला आतां आंकड्यांची जोड मिळाली एवढेंच.

शासनानें १ एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्यास पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला व नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. २०२२ पासून “निक्षय मित्र” म्हणून कोणाहि व्यक्तीस वा संस्थेस रोग्याच्या शिधेचा भार उचलतां येतो. धर्मग्रामालाहि तो उचलतां येईल.

म्हणजे साधनें नाहींत असें नाहीं. उलट तीं इतकीं झालीं आहेत कीं गरिबाला त्यांचा पाढा पाठ होत नाहीं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं ठरलेल्या रुग्णालयांत ठरलेल्या रोगांवर पैसे न भरतां उपचार होतात, व तेथें “आरोग्यमित्र” बसलेला असतो. पण घाबरलेला नातेवाईक आधीं अनामत भरतो आणि योजनेचें नांव चौथ्या दिवशीं ऐकतो. म्हणून रुग्णालयाच्या दारांत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न “आरोग्यमित्र कोठें बसतात?” हा विचारावा. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य व १० खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखावयाच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ पासून लागू आहे. ती पुणें-मुंबईकडे धाडलेल्या आपल्या रोग्यांच्या उपयोगाची आहे. कर्करोगासाठीं बार्शीचें नर्गिस दत्त रुग्णालय १९८२ पासून आपल्या सीमेजवळ आहे, छत्रपति संभाजीनगरास शासनाचें आहे. क्षय, कर्करोग, महारोग अशा आजारानें ज्याला पोट भरतां येत नाहीं त्यास संजय गांधी निराधार योजनेंतून दरमहा १,५०० रुपये मिळूं शकतात. शिधापत्रिकेवर माणशीं ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो, २०२३ पासून विनामूल्य आहे. आणि कार्ड बीडचें असलें तरी सांगली-कोल्हापुरास किंवा कर्नाटकांत अंगठा लावून तें उचलतां येतें. ही शेवटली सोय २०१९ सालीं कांहीं राज्यांपासून सुरू होऊन देशभर झाली. फडावर जाणाऱ्या किती जणांना ती माहीत आहे, हें आपल्याच शेजाऱ्याला विचारून पाहा.

कागद हें या सर्वांचें कुलूप आहे. संजय गांधी योजनेसाठीं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असल्याचा दाखला हवा, रहिवासाचा हवा, आजाराचें वैद्यकीय प्रमाणपत्र हवें, आधार व बँकेचें खातें हवें. एक खेप तलाठ्याकडे, एक सेतु केंद्रांत, दोन तहसील कचेरींत, एक जिल्ह्याच्या रुग्णालयांत, एक बँकेंत, कारण खातें वापरांत नसल्यामुळें बंद पडलेलें असतें. प्रत्येक खेपेला एक मजुरी व एस. टी. चें भाडें. धडधाकट माणूसहि या फेऱ्यांत थकतो; आणि येथें ज्याला चालवत नाहीं त्यानेंच चालावयाचें आहे. कचेरींतील कारकुनाला दोष देऊन उपयोग नाहीं. त्याच्यापुढें रांग असते व हातीं नियम असतो. कार्डावर नांव “सखुबाई” व आधारावर “सखू” असलें तर तो काय करणार? परंतु “नांव जुळत नाहीं, पुढच्या सोमवारीं या” हें वाक्य ऐकून एकटी बाई घरीं जाते व पुन्हा येत नाहीं, आणि तिच्याबरोबर कोणी दुसरें असलें तर तें “दुरुस्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर?” असें विचारतें. या दोन गोष्टींतलें अंतर कित्येक वेळां जगण्या-मरण्याचें असतें.

म्हणून माझी धर्मग्रामाला एकच विनंति आहे, ती पैशाची नाहीं. आपण सणावारीं रुग्णालयांत फळें वांटतों. वांटावींत, रोग्याला केळें गोड लागतें. पण पुढारी वाढदिवसाला वांटतात, मंडळें जयंतीला वांटतात, एका दिवशीं एका खाटेवर तीन डझन केळीं जमतात व उरलेले एकोणतीस दिवस त्या खाटेकडे कोणी फिरकत नाहीं. फळवांटपाचें छायाचित्र निघतें. तहसिलींतल्या खेपेचें निघत नाहीं, आणि निघूं नये हेंच योग्य. फ्रेडरिक ओझानाम यांनीं १८३३ सालीं पॅरिसमध्यें संत विन्सेंट डी पॉल यांच्या नांवानें मंडळी काढली तेव्हां त्यांनीं गरिबाला घराबाहेर रांगेंत उभें केलें नाहीं, दोघां-दोघांनीं त्याच्या घरीं जावें अशी रीत घातली. घरीं गेल्याशिवाय रिकामा डबा दिसत नाहीं. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों, पण तिचा शेवट आपल्या ध्यानांत राहत नाहीं. जखमांवर तेल ओतून तो थांबला नाहीं. त्यानें जखमीला उतारशाळेंत नेलें, मालकाशीं खर्चाचें ठरविलें, आणि परत येईन तेव्हां उरलेला हिशेब पुरा करीन असें सांगून मग वाट धरली. तेल हें औषध. उतारशाळेची व्यवस्था व परत येण्याचा शब्द हीच मी सांगतों ती सेवा. आणि उतारशाळा त्याची स्वतःची नव्हती हेंहि लक्षांत घ्यावें. जें गांवांत आधींच होतें त्याशीं त्यानें रोग्याची गांठ घालून दिली.

आपणांसहि नवा दवाखाना बांधावयाचा नाहीं. एक वही हवी, व तींत कोणत्या गरजेला कोणतें दार, तेथें कोणत्या वारीं जावें, कोणता कागद लागतो, एवढें लिहिलेलें हवें. आशाताई व अंगणवाडी सेविका यांच्याशीं ओळख हवी. त्यांना बाजूस सारून आपलें वेगळें मांडूं नये. रोग्यानें संमति दिल्याशिवाय त्याच्या आजाराचें नांव कोणापुढें काढूं नये, अगदीं मिस्सेनंतरच्या अंगणांतहि नव्हे. आपल्याकडे सहानुभूतीच्या नांवाखालीं बातमी फार लवकर पसरते. जात व धर्म वहींत लिहिण्याचें कारण नाहीं. सोबत जातांना मोबदला म्हणून कांहीं मागूं नये, प्रार्थनेला येण्याचें आमंत्रणसुद्धां त्या फेरींत देऊं नये. आणि दारापाशीं पोंचवून परतावयाचें नाहीं. पंधरा दिवसांनीं पुन्हा घरीं जाऊन विचारावयाचें कीं, पैसे खात्यांत आले काय, धान्य मिळालें काय, नसेल तर कोठें अडलें. बहुतेक चांगलीं कामें या दुसऱ्या भेटीअभावीं वायां जातात असा माझा अनुभव आहे.

आरंभ दसऱ्यापूर्वीं व्हावा हें बरें, कारण गाड्या भरूं लागल्या म्हणजे माणसें सांपडत नाहींत. जीं घरें तोडीला जाणार त्यांची यादी करावी. कोणाची औषधें चालू आहेत, कोण गरोदर आहे, कोणत्या मुलाची लस राहिली आहे, कार्ड बरोबर नेणार कीं घरीं म्हाताऱ्यांपाशीं ठेवणार, हें विचारून घ्यावें. कार्ड घरीं राहिलें तरी दोन्हीकडचीं माणसें आपापल्या वांट्याचें धान्य आपापल्या ठिकाणीं उचलूं शकतात. हें सांगतांच पुष्कळ घरांतला एक वाद मिटतो. मागें राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या औषधाची पाळी कोणीं सांभाळावयाची तेंहि त्याच वेळीं ठरवावें.

वही कोणीं लिहावयाची हें मात्र आज उठण्यापूर्वीं ठरावें. अक्षर सुंदर असण्याची अट नाहीं. तालुक्याच्या गाड्यांच्या वेळा पाठ असल्या म्हणजे झालें.